चित्र कोण काढतं, दाखवतं कोण

लॅपटॉपचा पडदा काळा पडला की लॅपटॉपच गेला, असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप्स आहेत आणि वर लिनक्स चालतंय, तिथे काळ्या पडद्यामागे बहुतेक वेळा सगळं यंत्र शाबूत असतं. प्रोसेसर कामात असतो, डिस्कवर लॉग लिहिला जात असतो, वायफायसुद्धा जोडलेलं असतं. तयार झालेलं चित्र पडद्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत कुठेतरी एक दुवा सुटलेला असतो. तो दुवा शोधायला मला मनापासून आवडतं.

मध्यंतरी एका मैत्रिणीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"अरे, अपडेट केलं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीनच गेली. आता काय, फॉरमॅट मारू का?"

"थांब. कॅप्स लॉक दाबून बघ, दिवा लागतो का?"

"लागतो. परत दाबलं की विझतो."

"मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाब."

क्षणभर शांतता, आणि मग तिचा सुटकेचा सूर : "अक्षरं आली! लॉगिन मागतंय."

त्या दोन मिनिटांत केवढं कळलं बघा. कर्नल चालू आहे. पडद्याला लागतो तो प्रकाश मिळतोय. निदान एक ग्राफिक्स ड्रायव्हर नीट काम करतोय, नाहीतर ती अक्षरंही उमटली नसती. म्हणजे घोळ आहे तो वरच्या मजल्यावर, डेस्कटॉप सुरू होतो तिथे. फॉरमॅटचा विषय तिथेच संपला. लॉगमध्ये पाहिलं तर एक ओळ ठळक दिसत होती : 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. नव्या कर्नलसाठी ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचा तुकडा) नव्याने तयार झालं होतं, त्यावर सहीही झाली होती, पण त्या सहीची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरच्या (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) ओळखीची नव्हती. सिक्युअर बूट चालू असताना अनोळखी सहीचं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. इकडे तिच्या डेस्कटॉपला सांगून ठेवलेलं, की चित्र काढायचं ते मोठ्या, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डानेच. मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर दाराबाहेर अडलेला, आणि डेस्कटॉप त्याची वाट बघत काळा. किल्लीची नोंदणी केली, पुन्हा बूट केलं, काम झालं.

अशी प्रकरणं बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. ग्राफिक्सच्या तक्रारीत 'ड्रायव्हर खराब आहे' हे वाक्य फारसं उपयोगाचं नसतं. चित्र काढणं हे एक काम आहे आणि चित्र दाखवणं हे दुसरं. साध्या लॅपटॉपमध्ये ही दोन्ही कामं एकच चिप करते, म्हणून ती वेगळी आहेत हे लक्षातही येत नाही. हायब्रिड ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये ती दोघांत वाटली जातात. एक चितारी रंगवतो आणि दुसरा ते चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावतो, तसं. भिंत रिकामी दिसली म्हणून चितारी आजारी आहे असं म्हणता येत नाही. आधी विचारायचं : चित्र रंगवून झालं होतं का? झालं असेल तर ते चौकटवाल्याच्या हातात पोचलं का?

ही विभागणी आली कुठून, तेही पाहू. प्रोसेसरच्या आतच असलेली ग्राफिक्स चिप कमी वीज खाते, पण तिची ताकदही बेताची. वेगळ्या कार्डाची ताकद मोठी, भूकही मोठी. सुरुवातीच्या काही लॅपटॉपमध्ये दोन्हींच्या मधे एक विद्युत स्विच असे. त्याला मक्स म्हणतात. तो इकडे केला की पडदा या चिपला जोडलेला, तिकडे केला की त्या कार्डाला. २०१० च्या फेब्रुवारीत ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची रचना जाहीर केली. तिच्यात हा स्विच लागतच नाही. पडदा कायम प्रोसेसरमधल्या चिपलाच जोडलेला. मोठं कार्ड गरज पडली की जागं होतं, चित्र रंगवतं आणि तयार चित्र मुख्य मेमरीत आणून ठेवतं. पडद्यावर ते पाठवायचं काम छोट्या चिपचं.

या ने-आणीला किंमत पडते, आणि ती घरबसल्या काढता येते. १९२० बाय १०८० चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. एका चित्राचे झाले सुमारे ८३ लाख बाइट. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की सुमारे ५० कोटी बाइट दर सेकंदाला एका मेमरीतून दुसरीकडे वाहायचे. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बाकी यंत्राला जोडणाऱ्या, आजच्या मार्गांना हे जड नाही. पण पडदा २५६० बाय १४४० चा आणि वेग १४४ चा केला की हाच आकडा २०० कोटींच्या वर जातो. गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच पुन्हा का आला, याचं उत्तर या हिशेबात आहे. 'कार्ड तेवढंच ताकदीचं आहे, मग डेस्कटॉपपेक्षा फ्रेम कमी का मिळतात' असं विचारणाऱ्यांना मी आधी ही आकडेमोड दाखवतो. अर्थात लॅपटॉपच्या कार्डाला वीजही कमी मिळते, हे दुसरं कारण आहेच.

आपल्या लॅपटॉपमध्ये विभागणी नेमकी कशी आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. एलएसपीसीआय ही साधी कमांड चालवली की यंत्रातल्या सगळ्या पीसीआय उपकरणांची यादी येते. तीत छोट्या चिपच्या पुढे 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' लिहिलेलं असतं. मोठ्या कार्डापुढे कधी तेच लिहिलेलं असतं, तर कधी '३डी कंट्रोलर'. हा फरक बारकाईने वाचण्यासारखा आहे. ३डी कंट्रोलर म्हणजे सहसा असं कार्ड, ज्याला बाहेरची एकही तार जोडलेली नाही. ते फक्त रंगवतं. पडद्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्याच कमांडला के हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. ती ओळच नसली तर त्या कार्डाला आत्ता कुणी वालीच नाही. पुढचे तास-दोन तास त्या एका गायब ओळीने वाचतात.

आता बाहेरच्या मॉनिटरचं बघा. एचडीएमआयची तार लावली, मॉनिटर काही ओळखीच दाखवत नाही, ही तक्रार इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी मी एक ठरलेली वाट धरतो. सिस फोल्डरच्या आत क्लास, त्याच्या आत डीआरएम. तिथे कर्नलने प्रत्येक कार्डाच्या नावाने आणि त्या कार्डाला जोडलेल्या प्रत्येक पोर्टच्या नावाने एकेक फोल्डर मांडून ठेवलेलं असतं. एखाद्याचं नाव 'कार्ड१-ईडीपी-१' असं असतं. ईडीपी म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. दुसऱ्याचं नाव 'कार्ड०-एचडीएमआय-ए-१'. म्हणजे या लॅपटॉपमध्ये पडदा एका कार्डाला आणि एचडीएमआयचं भोक दुसऱ्या कार्डाला सोल्डर केलेलं आहे! प्रत्येक फोल्डरात स्टेटस नावाची एक छोटी फाइल असते. ती वाचायची, 'डिसकनेक्टेड' येतं. तार लावायची, पुन्हा वाचायची. 'कनेक्टेड' आलं तर तार, मॉनिटर, पोर्ट आणि ड्रायव्हर चारही बहुधा ठीक आहेत, आणि दोष डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधायचा. 'डिसकनेक्टेड'च राहिलं तर खाली उतरायचं. आणि एचडीएमआयचं फोल्डरच नसेल, तर ज्या कार्डाला ते भोक जोडलेलं आहे त्याचा ड्रायव्हर बहुधा चढलेलाच नाही. (कार्ड० आणि कार्ड१ हे आकडे बूटमागे बदलू शकतात, म्हणून त्यांच्यावर कायमची भिस्त ठेवू नये. पीसीआयचा पत्ता जास्त भरवशाचा.)

पोर्ट मोठ्या कार्डाला जोडलेला असेल तर चित्राची वाट उलटी होते. छोट्या चिपने डेस्कटॉप रंगवायचा आणि मोठ्या कार्डाने तो बाहेरच्या मॉनिटरवर दाखवायचा. त्याला रिव्हर्स प्राइम म्हणतात. म्हणजे 'बॅटरी वाचवायची म्हणून मोठं कार्ड पूर्ण बंद केलं' आणि 'प्रोजेक्टरला लॅपटॉप लागत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकच आहेत. सभेच्या पाच मिनिटं आधी हे कळण्यापेक्षा लॅपटॉप घेतल्या दिवशी कळलेलं केव्हाही चांगलं. नवीन लॅपटॉप हातात आला की मी पहिल्यांदा डीआरएमचं हे फोल्डर उघडून बघतो.

नोमोडसेटबद्दलही बोललं पाहिजे, कारण काळ्या पडद्यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय तोच आहे. ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत जाऊन कर्नलच्या ओळीला हा शब्द जोडला की पडदा उजळतो आणि माणूस खूश होतो. होतं काय, की या शब्दाने कर्नलला सांगितलं जातं : पडद्याची मांडणी तू हातात घेऊ नकोस. मग खरा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो आणि फर्मवेअरने बूटच्या वेळी तयार ठेवलेल्या साध्या फलकावर काम भागवलं जातं. अडलेल्या यंत्रात शिरण्यासाठी हे उत्तम आहे. पण पुष्कळजण तो शब्द कायमचा ठेवून देतात, आणि मग व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंघावतो, प्रकाश कमी-जास्त होत नाही. अशा यंत्रावर जीएलएक्सइन्फो या कमांडला रेंडरर, म्हणजे चित्र कोण काढतंय ते, विचारलं तर बरेचदा 'एलएलव्हीएमपाइप' हे नाव येतं. म्हणजे दोन-दोन ग्राफिक्स चिप्स आत असताना सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर काढतोय. ते नाव दिसलं की समजावं, इथे अजून काहीच दुरुस्त झालेलं नाही.

हे सगळं आज इतकं बघता येतं, विचारता येतं, यामागे माणसांचे कितीतरी वर्षांचे कष्ट आहेत. ऑप्टिमस आलं तेव्हा लिनक्ससाठी त्याची काही सोयच नव्हती. २०१० मध्येच डेव्ह एअरली या कर्नल विकासकाने स्विचरू नावाची यंत्रणा कर्नलमध्ये आणली. तिच्यामुळे कार्ड बंद-चालू करता येऊ लागलं आणि मक्स असलेल्या लॅपटॉपवर अदलाबदलही जमू लागली. २०११ मध्ये बम्बलबी आलं. त्याची कल्पना विलक्षण होती : मोठ्या कार्डासाठी पडद्याआड एक दुसरा एक्स सर्व्हर (डेस्कटॉपच्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) चालवायचा, त्यावर गेम रंगवायचा आणि तयार चित्र उचलून पहिल्या सर्व्हरवर आणायचं. ऑप्टिरन हा बम्बलबीच्या कमांडचा शब्द त्या काळात लिनक्सवर लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या बोटांना सवयीचा झाला होता. ही वाट आडवळणाची होती, सावकाश होती. पण ज्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती, पगार नव्हता, त्यांनी लोकांचे लॅपटॉप कामाला लावले. मला त्या माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो.

२०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना एका श्रोत्या बाईंनी ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दल प्रश्न विचारला, आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून एनव्हिडियाला जे सुनावलं ते जगभर गाजलं. लोकांच्या लक्षात ते बोट राहिलं. मला त्या बाईंचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पैसे मोजून घेतलेला लॅपटॉप आपल्या मर्जीच्या प्रणालीवर नीट चालावा, ही किती साधी अपेक्षा आहे.

त्याच वर्षी कर्नलच्या ३.३ आवृत्तीत डीएमए-बफ आलं. एका उपकरणाच्या मेमरीतला तुकडा दुसऱ्या उपकरणाला थेट वापरता यावा, यासाठीची ही सोय. हायब्रिड ग्राफिक्सला हवी होती ती नेमकी हीच. पण ती जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलपुरती राखलेली होती, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त. ही अट सैल करावी का, यावर वाद झाला आणि कर्नलच्या काही जुन्या विकासकांनी ठाम नकार दिला. मला तो नकार आजही पटतो. त्यांनी आपली संहिता एका अटीवर दिली होती आणि सोयीसाठी ती अट मोडली असती, तर पुढे कुठलीच अट उरली नसती. त्याची झळ माझ्यासारख्या वापरणाऱ्यांना अनेक वर्षं लागली, हेही तितकंच खरं.

पुढची पावलं सावकाश पडली. २०१३ मध्ये एनव्हिडियाच्या ३१९ मालिकेपासून मोठ्या कार्डाने सगळा डेस्कटॉप रंगवायचा आणि छोट्या चिपने दाखवायचा, इतपत सोय झाली. मात्र कार्ड सतत जागं राहायचं. हवा त्याच प्रोग्रामपुरतं कार्ड वापरायची सोय त्यांच्या ड्रायव्हरमध्ये आली ती २०१९ मध्ये, ४३५ मालिकेत. वेलँडसाठी (एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेसाठी) बाकी सगळे वापरतात ती जीबीएमची पद्धत त्यांनी २०२१ मध्ये स्वीकारली. २०२२ च्या मे महिन्यात कर्नलमधल्या भागाची संहिता खुली केली.

ही सनावळ मी उगाच दिलेली नाही. ग्राफिक्सवरचा प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या सालचा असतो, आणि तो बहुधा त्या साली बरोबर असतो. २०१२ चा बम्बलबीचा सल्ला, २०१५ ची एक्सऑर्गची (एक्स सर्व्हरच्या सेटिंगची) फाइल, २०१९ नंतरचे ऑफलोडचे (हव्या त्या प्रोग्रामपुरतं मोठं कार्ड वापरण्याचे) व्हेरिएबल आणि वेलँडसाठीचे आजचे पर्याय, हे चारही एकाच लॅपटॉपवर एकाच संध्याकाळी घातलेले मी पाहिले आहेत. प्रत्येक उपाय आधीच्याचं काम बिघडवतो. अशा यंत्रावर काही नवीन घालण्याआधी मॉडप्रोबच्या (मॉड्यूलच्या सेटिंगच्या) आणि एक्सऑर्गच्या फोल्डरात कुणी काय काय ठेवून गेलंय ते वाचावं आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते काढून बाजूला ठेवावं. निम्म्या वेळा यंत्र तेवढ्यानेच मार्गाला लागतं. आणि एक बदल, एक रीस्टार्ट. घाईत तीन बदल एकदम केले तर दुरुस्त झाल्यावरही कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही, आणि ते न कळणं पुढच्या अपडेटला पुन्हा आडवं येतं.

जुन्या एक्सऑर्गच्या फाइलींमध्ये एक मासलेवाईक खाच आहे. कार्डाचा पत्ता एलएसपीसीआय षोडशमान पद्धतीने छापते आणि एक्सऑर्गच्या फाइलीत तो दशमान लागतो. कार्ड पहिल्या बसवर असेपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात. पण कार्डाची बस 'सी१' असली की तिथे १९३ लिहावं लागतं. पत्ता जसाच्या तसा उतरवला तर कार्ड समोर असूनही सर्व्हर 'स्क्रीन सापडली नाही' म्हणून बाहेर पडतो.

अपडेटनंतरच्या तक्रारी मात्र वरवर भयंकर आणि आत सोप्या असतात. कर्नल नवा आला पण त्याचे हेडर्स आले नाहीत, म्हणून डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणाऱ्या प्रोग्रामला) ते बांधता आलं नाही. किंवा ड्रायव्हरच्या लायब्ऱ्या नव्या झाल्या आणि मेमरीत मॉड्यूल अजून जुनंच आहे. तेव्हा कार्डाची माहिती देणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड 'व्हर्जन मिसमॅच' म्हणून हात वर करते, आणि नुसतं रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत होतं. किंवा नूवो हा एनव्हिडियाच्या कार्डांचा दुसरा, खुला ड्रायव्हर काळ्या यादीत टाकला पण इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्याने बांधलं नाही, म्हणून बूटच्या सुरुवातीलाच नूवो येऊन कार्डाचा ताबा घेऊन बसला. या सगळ्यांची उत्तरं मागच्या बूटच्या लॉगमध्ये असतात. लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला बी वजा एक सांगितलं की बिघडलेल्या बूटची हकिकत सुधारलेल्या बूटमध्ये बसून वाचता येते. जुना कर्नल ग्रबमध्ये ठेवावा तो याचसाठी.

काढणं आणि दाखवणं याखेरीज हायब्रिड लॅपटॉपमध्ये एक तिसरं काम आहे, आणि माझा जीव सर्वांत जास्त त्यात रमतो : झोपणं. दोन चिप्स ठेवण्यामागचा मूळ हेतूच हा, की काम नसताना मोठ्या कार्डाची वीज तोडता यावी. चित्र दिसलं की लोक दुरुस्ती संपली असं समजतात. कार्ड मात्र रात्रंदिवस जागं राहून बॅटरी खात असतं आणि त्याबद्दल कुठलाही संदेश पडद्यावर येत नाही.

माझ्या लॅपटॉपवर असंच झालं होतं. चित्र स्वच्छ, बाहेरचा मॉनिटर व्यवस्थित, गेमसुद्धा मोठ्या कार्डावर. पण बॅटरी भराभर उतरायची आणि तळहाताखालची डावी बाजू कायम कोमट. अशा वेळी हात आपोआप एनव्हिडिया-एसएमआयकडे जातो. गंमत अशी, की ती कमांड कार्डाची विचारपूस करण्यासाठी कार्डालाच उठवते. झोपलंय का म्हणून बघायला गेलं की ते जागंच सापडतं. साध्या एलएसपीसीआयनेसुद्धा झोपलेलं कार्ड उठू शकतं. विचारायचं ते कर्नलला. सिसमध्ये कार्डाच्या पीसीआय पत्त्याच्या फोल्डरात पॉवर म्हणून फोल्डर असतं, त्यात रनटाइम स्टेटस नावाची फाइल. ती वाचल्याने कार्डाला धक्का लागत नाही. 'सस्पेंडेड' म्हणजे झोपलंय, 'ॲक्टिव्ह' म्हणजे जागं.

माझं ॲक्टिव्ह होतं. कुठलाच प्रोग्राम कार्ड वापरत नव्हता. मग त्याच पत्त्याच्या शेजारी पाहिलं. ग्राफिक्स कार्ड पीसीआयवर एकटं नसतं. शून्य क्रमांकावर ग्राफिक्स, तर एक क्रमांकावर एचडीएमआयमधून आवाज पाठवणारं ध्वनी उपकरण. एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीच्या काही कार्डांवर यूएसबी-सीच्या पोर्टसाठी आणखी दोन असतात. एकाच चिपची ही सगळी अंगं, आणि वीज तुटते ती सगळी झोपली तरच. ग्राफिक्सवाल्याच्या पॉवर फोल्डरातल्या कंट्रोल फाइलीत 'ऑटो' होतं, म्हणजे झोपायची मुभा होती. ध्वनीवाल्याच्या फाइलीत 'ऑन'. ज्या पोर्टला कधी तार लागली नाही, त्यातून कधी न निघालेल्या आवाजासाठी अख्खं कार्ड ताटकळत बसलं होतं. तिथे 'ऑटो' लिहिलं. काही सेकंदांनी ध्वनीचं उपकरण सस्पेंडेड झालं, आणि त्याच्या पाठोपाठ ग्राफिक्सही. बॅटरीच्या फोल्डरात पॉवर नाऊ नावाची फाइल असते, तीत त्या क्षणी किती मायक्रोवॉट वीज जातेय ते दिसतं. आकडा डोळ्यांदेखत घसरला. बूटनंतर हे आपोआप व्हावं म्हणून यूडेव्हचा (उपकरण सापडलं की त्याची सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) एक छोटा नियम लिहिला. त्या दिवशीचा आनंद मला नीट सांगता येणार नाही. कुणाचाच दोष नव्हता. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि तरी मिळून चुकत होतं. असं गणित सुटलं की फार बरं वाटतं.

ज्यांच्या बॅटरीच्या फोल्डरात पॉवर नाऊ नसेल, त्यांनी करंट नाऊ आणि व्होल्टेज नाऊ बघावं आणि गुणाकार करावा. आणि तासन्‌तास कार्ड जागं ठेवणारे प्रोग्राम शोधायचे असतील तर आधी संशय घ्यावा तो तापमान दाखवणाऱ्या पट्ट्यांवर आणि सिस्टीम मॉनिटरवर. दर दोन सेकंदांनी कार्डाचं तापमान विचारणारी पट्टी कार्डाला झोपूच देत नाही.

झोपण्याच्या वाटेत फर्मवेअरही येतं. कार्डाची वीज तोडायची कशी, हे फर्मवेअरमधल्या एसीपीआय नावाच्या तक्त्यांत लिहिलेलं असतं, आणि ते तक्ते लॅपटॉप बनवणारे लिहितात. पुष्कळ तक्ते आधी विचारतात : तू विंडोजची कुठली आवृत्ती? लिनक्स त्या नावांना होकार देतं आणि 'तू लिनक्स का' या प्रश्नाला मात्र मुद्दाम नकार देतं. कारण अनुभव असा, की लिनक्ससाठी म्हणून लिहिलेल्या शाखा कुणी धड तपासलेल्याच नसतात, आणि विंडोजची वाट निदान कारखान्यात चालवून पाहिलेली असते. एसीपीआय ओएसआय हा बूट पर्याय लोक सर्रास एकमेकांना सुचवतात, तो या उत्तरात ढवळाढवळ करतो. एका मॉडेलला तो तारतो, दुसऱ्याला गोठवतो. लॉगमध्ये एसीपीआयची तक्रार दिसत नसेल तर मी त्याला हात लावत नाही.

जुन्या कार्डांची गोष्ट थोडी दुःखाची आहे. नूवो हा खुला ड्रायव्हर, कार्डाचं वागणं बाहेरून निरखून लिहिलेला, २०१० च्या २.६.३३ कर्नलमध्ये आला. पण एनव्हिडियाच्या मॅक्सवेल कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून कार्डं सहीचं फर्मवेअर मागू लागली, आणि त्याशिवाय कार्डाचा वेग वाढवणं नूवोला शक्य होईना. कार्ड बूटच्या वेळच्या मंद गतीवरच अडकायचं. ट्युरिंगपासून कार्डावरच जीएसपी नावाचा प्रोसेसर आला, त्याचं फर्मवेअर वापरायची सोय नूवोला २०२४ च्या जानेवारीत, ६.७ कर्नलमध्ये मिळाली, आणि नव्या कार्डांसाठी खुला रस्ता उघडला. मधल्या मॅक्सवेल आणि पास्कलच्या कार्डांना तो रस्ता नाही. एनव्हिडियाने त्यांच्यासाठी ५८० ही शेवटची मालिका असेल असं सांगून टाकलं आहे. म्हणजे कार्ड ठणठणीत, लॅपटॉप ठणठणीत, आणि ड्रायव्हर मात्र पुढच्या कर्नलांबरोबर एक दिवस जुळेनासा होणार.

अशा लॅपटॉपसाठी लोक विचारतात, तेव्हा मी सांगतो : एनव्हिडियाचा आणि नूवो, असे दोन्ही ड्रायव्हर काळ्या यादीत टाकू नका. ड्रायव्हर काढला म्हणजे कार्ड बंद झालं असं होत नाही. उलट त्याला झोपवणारंच कुणी उरत नाही आणि ते पूर्ण वीज घेत बसून राहतं. नूवो ठेवा. तो त्या कार्डाकडून वेगाने चित्र काढून घेऊ शकत नाही, पण ऑप्टिमसच्या कार्डाला रिकामं असताना झोपवणं त्याला चांगलं जमतं. चित्र काढायला छोटी चिप आहे, तिच्यासाठीचे खुले ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत आणि लिहिणं-वाचणं, व्हिडिओ, ब्राउझर एवढ्याला ती पुरून उरते. एचडीएमआय मोठ्या कार्डाला जोडलेला असेल तरी तार लावली की नूवो त्याला उठवतो, मॉनिटर चालतो, आणि तार काढल्यावर रनटाइम स्टेटसमध्ये काही सेकंदांत पुन्हा सस्पेंडेड येतं की नाही, एवढं एकदा बघून घ्यायचं.